नळी बदलताना

1935 साली अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीने .220 स्विफ्ट हे काडतूस बाजारात आणले. जेमतेम तीन ग्रॅमांची गोळी, वेग सेकंदाला 4110 फूट! कुरणांत बिळे करणाऱ्या वुडचकवर दुरून नेम धरणारे शिकारी हरखले. पण लवकरच स्विफ्टची ‘नळी खाणारी’ म्हणून बदनामी झाली. दारूच्या तप्त वायूने काडतुसापुढचा नळीचा घसा झिजतो आणि नेम विस्कटतो. कंपनीने पुढे स्टेनलेस पोलादाच्या नळ्याही दिल्या.

झिजलेली नळी बदलताना चर्चा होते ती पोलादाची. माझ्या मते आधी पाहावा तो पीळ, म्हणजे नळीतल्या खाचा किती इंचांत एक वेढा घेतात ते. त्याचे गणित वुलिचचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी 1879 मध्येच मांडले होते : गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट. या सूत्राने स्विफ्टच्या जाडीच्या अर्ध्या इंची गोळीला 15 इंचांत एक वेढा पुरतो, एक इंचीला साडेसात इंचांत लागतो. मूळ स्विफ्टचा पीळ 14 इंचांचा. लक्ष्यवेधाच्या लांब, जड गोळ्या त्यातून सुटल्या की हवेत कोलमडतात.

मग आठ इंची नळी बसवून मोकळे व्हावे? तीतून पातळ आवरणाची हलकी गोळी 4000 फुटांच्या वेगाने सोडली, तर ती मिनिटाला 3,60,000 गिरक्या घेते आणि कधीकधी वुडचकपर्यंत पोचण्याआधीच फुटते.