मालकमपेठेचे महाबळेश्वर

कृष्णेच्या उगमाजवळील प्राचीन देवस्थानापासून सुमारे 6 किलोमीटरवर इंग्रजांनी हवा खाण्यासाठी जे ठाणे वसवले, त्याला मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम (कारकीर्द 1827 ते 1830) याच्यावरून 'मालकमपेठ' हे नाव पडले. 1829 मध्ये सातारच्या प्रतापसिंह महाराजांनी ही जागा कंपनी सरकारला दिली आणि तिच्या मोबदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव घेतले. पेठ म्हणजे मुद्दाम वसवलेली बाजारवस्ती, आणि तिला कर्त्या पुरुषाचे नाव देण्याची रीत पुण्यातील सदाशिव व नारायण पेठांवरून परिचित होती. 1818 मध्ये दुसऱ्या बाजीरावाला वर्षाकाठी 8 लाख रुपयांचा तनखा कबूल करून ज्याने त्याची शरणागती स्वीकारली, त्याच माल्कमचे नाव पेशव्यांच्या पेठांच्या पंगतीत बसावे, हा योग विलक्षण म्हणावा लागेल.

पेठेभोवतीच्या कड्यांवर तर साहेबांच्या नावांची रीघच लागली. 1824 मध्ये येथे चढून आलेला पहिला युरोपीय अधिकारी मानला जाणारा लॉडविक याचे नाव ज्या कड्याला आहे, तो आधी सिडनी पॉइंट म्हणून ओळखला जाई. म्हणजे जुने नाव पुसून नवे लावण्याचा खटाटोप स्वातंत्र्यानंतरचाच आहे, असे नाही. सिंदोळ्याच्या टेकडीलाही पुढे 1923 मध्ये गव्हर्नर झालेल्या विल्सनचे नाव चिकटले. या साऱ्यांतून मराठीत खरा रुळला तो 'पॉइंट' हा शब्द, कारण कडा म्हटले की खोली आठवते, तर पॉइंट म्हटले की तेथे उभे राहून पाहायचा देखावा. लॉडविक वा विल्सन कोण होते, हे ठाऊक नसतानाही प्रवासी 'पॉइंट बघायला' निघतो.

मालकमपेठ हे नाव मात्र कागदोपत्री दीर्घकाळ टिकूनही बोलण्यातून मागे पडले, आणि पेठेनेच शेजारच्या देवाचे नाव उचलले. परिणाम असा की 'महाबळेश्वर' म्हटल्यावर आज बाजार, बंगले आणि स्ट्रॉबेरी आठवतात, तर ज्या गावाचे ते नाव मुळात होते, त्याला वेगळे ओळखू यावे म्हणून 'जुने महाबळेश्वर' किंवा 'क्षेत्र महाबळेश्वर' म्हणावे लागते.