तालुक्याला घर-प्लॉट घ्यायचाय? खरा भाव कुठं बघायचा, इसार देण्याआधी कोणते कागद तपासायचे, वाचा सविस्तर

जालना : अंबड, परतूर, भोकरदन, मंठा, कुठल्याही तालुक्याच्या गावात शिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटिंगचे बोर्ड दिसतात. लेकरांची शाळा, म्हाताऱ्यांचा दवाखाना, नाहीतर जालन्याच्या एमआयडीसीतलं काम, अशा कारणांनी खेड्यातली बरीच कुटुंबं तालुक्याला किंवा जालन्याला दोन खोल्या शोधत आहेत. पण घराचा बाजार मोंढ्यासारखा नाही. मोंढ्यात सोयाबीनचा भाव चार आडतींवर विचारता येतो, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो. घराचा भाव चहाच्या टपरीवर, सोयऱ्याच्या फोनवर आणि एजंटाच्या तोंडात असतो, आणि तिन्ही ठिकाणी वेगळा असतो.

तरीही हा भाव कुठं लिहिलेलाच नसतो असं नाही. शेजारचा प्लॉट केवढ्याला गेला याची नोंद रजिस्ट्री ऑफिसात असते आणि ती घरबसल्या मोबाईलवर बघता येते. अडचण एवढीच की बहुतेक जण ती इसार देऊन झाल्यावर बघतात.

घर विकायला निघालंय, हे कळतं कसं?

मुंबई-पुण्यासारखी ऑनलाईन जाहिरातींची पद्धत तालुक्याला फार चालत नाही. भिंतीवरचं ‘घर विकणे आहे’, व्हॉट्सॲप ग्रुप, किराणा दुकानदार आणि एजंट, यातूनच बातमी फिरते. एजंट बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंकडून टक्का-दोन टक्के घेतो, म्हणजे भाव चढला की त्याचंही कमिशन चढतं. हे लक्षात ठेवूनच त्याचं बोलणं ऐकावं.

एका जागेकडं मात्र फार कमी लोकांचं लक्ष जातं. स्थानिक पेपरच्या आतल्या पानावर वकिलांच्या ‘जाहीर नोटीस’ असतात. ‘खालील मिळकत आमच्या पक्षकाराने विकत घेण्याचे ठरविले आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावे’, अशा मजकुराच्या. त्यात गट नंबर किंवा घर नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि मालकाचं नाव येतं. महिना-दोन महिने या नोटिसा वाचल्या तर गावातल्या कोणत्या भागात व्यवहार होत आहेत, कुठं सगळं थंड आहे, हे एजंटाला न विचारता कळतं.

कर्ज थकल्यानं सरकारी बँका ताब्यात घेऊन लिलावात काढतात ती घरं ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर जिल्ह्यानुसार दिसतात. अशा घरात कधी जुना मालक राहत असतो, म्हणून ताबा कुणाकडं आहे हे जाहिरातीत आधी वाचावं. म्हाडाच्या छत्रपती संभाजीनगर मंडळाच्या हद्दीत जालना जिल्हा येतो, त्यामुळं त्या मंडळाच्या सोडतीवरही नजर ठेवायला हरकत नाही.

शेजारच्या प्लॉटचा भाव काढायची रीत

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ‘आयजीआर महाराष्ट्र’ संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ नावाची मोफत सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि गट किंवा सर्व्हे नंबर टाकला की त्या जागेच्या नोंदलेल्या व्यवहारांची यादी येते. त्यातला ‘सूची क्रमांक २’, म्हणजेच इंडेक्स-टू, उघडायचा. त्यात देणार-घेणाऱ्यांची नावं, क्षेत्र, दस्ताची तारीख, ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे रकाने असतात. मोबदला म्हणजे कागदावर ठरलेली किंमत. बाजारभाव म्हणजे सरकारी दरानं निघालेली किंमत.

समजा एजंट एका गटातला प्लॉट ९०० रुपये चौरस फुटानं सांगतोय. त्याच गटातले वर्षभरातले तीन दस्त काढले. १,००० फुटाचा ६ लाखाला, १,२०० फुटाचा ७ लाख ८० हजाराला आणि ८०० फुटाचा ५ लाख २० हजाराला गेलेला निघाला. म्हणजे भाव ६०० ते ६५० पडला. हजार फुटाच्या प्लॉटमागं अडीच ते तीन लाखाचा फरक आहे. हा कागद मोबाईलवर दाखवून बोलणी सुरू केली की बोलण्याचा सूरच बदलतो. इंडेक्समध्ये क्षेत्र बहुतेक वेळा चौरस मीटरमध्ये असतं, म्हणून आकड्याला १०.७६ नं गुणायचं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट.

यात एक मेख आहे. काही व्यवहारांत थोडी रक्कम कागदावर दाखवतात आणि थोडी रोखीनं देतात. त्या गटातल्या प्रत्येक दस्तात मोबदला आणि बाजारभाव हे दोन्ही आकडे जवळपास सारखेच दिसले, तर किंमत सरकारी दराला जुळवून लिहिली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी इंडेक्समधल्या घेणाऱ्याच्या दारात जाऊन विचारणं हा उपाय. गावाकडचा माणूस हे सांगायला सहसा लाजत नाही, महाग पडलं असेल तर जास्तच सांगतो.

सरकारी दर म्हणजे ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात, तो वार्षिक मूल्यदर तक्ता. तोही त्याच संकेतस्थळावर आहे. नवे दर १ एप्रिलला लागू होतात. २०२३ आणि २०२४ मध्ये ते वाढवले नव्हते, १ एप्रिल २०२५ पासून वाढवले. हा दर म्हणजे जागेची खरी किंमत नव्हे. मोबदला आणि सरकारी किंमत यांत जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क बसतं, एवढाच त्याचा उपयोग.

भाव कशानं हलतो

समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून गेला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. भूसंपादनाचा मोबदला मिळालेल्या काहींनी तो पैसा शहरालगतच्या जागेत घातला. २०२३ मध्ये जालना नगरपालिकेची महापालिका झाली. आता जालना-नांदेड द्रुतगती मार्गाचं नाव घेऊन मंठा, परतूर भागात जागा दाखवल्या जातात. रस्ता जवळून जातो म्हणजे जागेला रस्ता मिळतो असं नाही. समृद्धीसारख्या मार्गावर फक्त इंटरचेंजलाच चढता-उतरता येतं. ‘हायवे टच’ असं लिहिलेल्या प्लॉटपासून इंटरचेंज वीस किलोमीटरवर असू शकतो.

बाकी बाजार हंगामावर चालतो. दिवाळीनंतर कापूस-सोयाबीनचा पैसा आला की घेणारे वाढतात, पाडवा आणि अक्षय तृतीयेला बोलणी पक्की होतात, पितृपक्षात सगळं थांबतं. दुष्काळात उलटं होतं. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. अशा वर्षी अडीनडीला विकणारे जास्त आणि घेणारे थोडे असतात. ज्याला विकायची घाई नाही, त्यानं अशा वर्षी बोर्ड लावू नये.

बॉण्डवरचा प्लॉट

सगळ्यात जास्त पैसा अडकतो तो इथं. शेतजमिनीत चुन्याच्या रेघा मारून गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडायचे, आणि बॉण्डवर नोटरी करून द्यायचे. घेणाऱ्याला वाटतं कागद झाला. पण १०० रुपये किंवा जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखताशिवाय होतच नाही. नोटरी म्हणजे सही कुणी केली याची साक्ष, त्यानं मालकी बदलत नाही. मुखत्यारपत्रावर झालेली विक्रीही मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

मग विकणारा रजिस्ट्री का करून देत नाही? १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळं. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार जिरायत जमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा शेतजमीन म्हणून विकता येत नाही. यावर काढलेली पळवाट म्हणजे दहा-वीस जणांनी मिळून २० गुंठे एकत्र घेणं. रजिस्ट्री होते, सातबारावर नावंही लागतात, पण सामाईक. कोणता तुकडा कुणाचा हे कागदावर कुठंच नसतं. एकाला विकायचं म्हटलं की बाकीच्यांच्या दारात जावं लागतं, आणि अशा जागेवर बँक घरकर्ज द्यायला तयार होत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं अध्यादेश काढून जुने तुकडे नियमित करायची वाट मोकळी केली. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले व्यवहार, तेही शहर हद्दीतल्या किंवा आराखड्यात रहिवासी व इतर अकृषिक वापरासाठी दाखवलेल्या जागेचे, यात येतात. त्यासाठी दंड नाही. ज्यांच्याकडं फक्त नोटरीचा कागद आहे त्यांना आधी शुल्क भरून दस्त नोंदवावा लागतो. ‘आता सगळं रेग्युलर होतंय, घेऊन टाका’ असं सांगून आज बॉण्डवर प्लॉट विकणाऱ्याला तारीख विचारावी. आजचा व्यवहार त्या मुदतीत बसत नाही.

नीट प्लॉट म्हणजे नगररचना विभागानं मंजूर केलेला ले-आऊट, त्यात दाखवलेले रस्ते आणि मोकळी जागा, अकृषिक आदेश आणि प्लॉट नंबरनिशी खरेदीखत. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल तर प्लॉटिंगलाही महारेराची नोंदणी लागते. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड बंधनकारक आहे. मोबाईलनं स्कॅन केलं की मंजुरीचे कागद समोर येतात. कोडच नसेल तर विचारायचं, का नाही?

गावठाणातलं जुनं घर

इथली गोष्ट वेगळी. विकणारा सांगतो ‘तीन खणाचं माळवद आहे’ आणि पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतो. नमुना ८ ही घरपट्टी आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गायरानावर बांधलेल्या घराचीही घरपट्टी घेतली जाते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून सनद आणि मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. गावाची मोजणी झाली असेल तर पत्रिका मागावीच.

दुसरं म्हणजे वारस. घर वाडवडिलांचं असेल तर फक्त भावांच्या सह्या चालत नाहीत. २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलेलं नसेल तर त्यांनाही दस्तावर घ्यावं. ‘बहिणी काही मागत नाहीत’ हे वाक्य कोर्टात चालत नाही.

आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून जुन्या जमिनींवर इनाम, मदतमाश, खिदमतमाश, कूळ असे शेरे निघतात. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. सातबारा महाभूलेखवर फुकट दिसतो, सहीचा डिजिटल उतारा १५ रुपयांत मिळतो. जुना इतिहास हवा असेल तर तहसीलमधून १९५४-५५ चं खासरा पाहणीपत्रक आणि तिथपासूनचे फेरफार काढावेत. वकील सहसा ३० वर्षांचा शोध घेतो. कर्ज काढायचं नसलं तरी हा सर्च रिपोर्ट घ्यावा. त्याची फी प्लॉटच्या किमतीपुढं काहीच नाही.

इसार ते फेर

इसार देताना इसारपावतीवर गट किंवा घर नंबर, पूर्ण किंमत, खरेदीची मुदत आणि व्यवहार मोडला तर पैसे परत कधी, एवढं लिहून घ्यावं. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रक्कम रोखीनं घेणं आयकर कायद्यात बसत नाही, म्हणून पैसे बँकेतूनच द्यावेत. तोच पुढं पुरावा होतो.

रजिस्ट्रीला नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार रुपये. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत आणि ग्रामपंचायत हद्दीत वेगवेगळं आहे, ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधीच काढून घ्यावं. राहतं घर किंवा फ्लॅट फक्त बाईच्या नावानं घेतला तर शुल्कात एक टक्का सूट आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट जाते. मोकळ्या प्लॉटला ती मिळत नाही.

खरेदीखत झाल्यावर फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. ही नोटीस ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावानुसार दिसते. ज्यांची जमीन गावात आहे आणि स्वतः बाहेरगावी राहतात, त्यांनीही ती अधूनमधून उघडावी, आपल्या गटावर कुणी नोंद टाकतंय का ते कळतं. मंडळ अधिकाऱ्यानं फेर मंजूर केल्यावर नवा सातबारा काढावा. गावठाणातलं घर असेल तर खरेदीखताची प्रत जोडून ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नाव लावायचा अर्ज द्यावा. मागची घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणचं बिल विकणाऱ्याकडून रजिस्ट्रीच्या आधीच भरून पावत्या घ्याव्यात. एकदा सही झाली की तो फोन उचलत नाही.