लिनक्सला वायफाय का दिसत नाही?

सौदीत तांबड्या समुद्राच्या काठी थुवल नावाचं गाव आहे. तिथल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठात २०१५ साली 'शाहीन-२' नावाचा महासंगणक बसला. शाहीन म्हणजे ससाणा. त्या जुलैत जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत तो सातवा होता, आणि चालायचा लिनक्सवर. जवळपास दोन लाख कोअर सांभाळणारं हे लिनक्स हौसेनं घरच्या लॅपटॉपवर टाकावं, तर कधीकधी बोटभर वायफाय कार्डाकडे बघून म्हणतं, असं काही इथे नाहीच!

इथे एकट्यानं राहणाऱ्या माणसाला ही गंमत वाटत नाही. त्याचं घर त्या कार्डाच्या पलीकडे असतं. २०१७ च्या सप्टेंबरपर्यंत सौदीत नेटवरून बोलण्याच्या बहुतेक सेवा बंदच होत्या. बंदी उठली आणि रोज रात्री घरच्यांचे चेहरे दिसायला लागले. अशात कार्ड रुसलं की जेवण गोड लागत नाही. म्हणून शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कुणी ना कुणी लॅपटॉप काखेत मारून माझ्या दारात उभा असतो.

तर मंडळी, 'दिसत नाही' हे तीन प्रकारचं असतं. 'एलएसपीसीआय' किंवा 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिल्यावर यादीत कार्डच आलं नाही, तर दोष बहुधा वस्तूचा किंवा खाचेचा. यादीत आलं पण ड्रायव्हर लागला नाही, हा दुसरा प्रकार. तिसरा सगळ्यात छळवादी: ड्रायव्हरही लागला, पण कार्डाच्या पोटात भरायचं फर्मवेअर सापडत नाही. 'डीमेसेज'मध्ये तशी तक्रार स्पष्ट लिहिलेली असते, पण वाचतो कोण! (स्वस्तातली काही यूएसबी कार्डं तर सुरुवातीला चक्क सीडी म्हणून उभी राहतात, आत विंडोजचा ड्रायव्हर घेऊन. लिनक्स बिचारं त्यांना सीडीच समजतं.)

फर्मवेअर नेटवरून उतरवायचं, आणि नेट तर फर्मवेअरशिवाय नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही!

हे असं का झालं? लिनक्स लिहिणारे कच्चे होते म्हणून नव्हे. वायफाय कार्ड हा एक छोटा रेडिओ आहे. तो कुठल्या लहरीवर, किती ताकदीनं बोलणार हे बरंचसं सॉफ्टवेअर ठरवतं. कंपन्या म्हणायच्या, माहिती उघडी केली तर लोक नियम मोडतील आणि सरकार आमचा कान धरेल. भीती अगदी खोटी नव्हती, पण माझ्या मते गुपितं झाकायला सोयीचीही होती. इंटेलनं २००६ मध्ये आपल्या '३९४५' कार्डासाठी लिनक्सचा ड्रायव्हर दिला, पण त्यासोबत एक बंद प्रोग्रॅम चालवायची अट घातली. बोंबाबोंब झाली, आणि २००७ मध्ये आलेल्या नव्या ड्रायव्हरला तो प्रोग्रॅम लागेनासा झाला.

ब्रॉडकॉम मात्र जाम हलेना. २००३ मध्ये एनडीआयएसरॅपर आलं. विंडोजचा ड्रायव्हर उचलायचा आणि लिनक्समध्ये बसवायचा, असला तो जुगाड. त्याच वर्षी लिंक्सिसच्या 'डब्ल्यूआरटी५४जी' या राउटरमध्ये आत लिनक्स आहे हे लोकांनी ओळखलं आणि परवान्यानुसार कंपनीला त्याचा सोर्स द्यावा लागला. पण ब्रॉडकॉमचा वायफाय ड्रायव्हर त्यातही बंदच राहिला.

मग काही जणांनी जे केलं त्याला माझा सलाम. एका गटानं तो बंद ड्रायव्हर उसवला आणि चिप कशी वागते याचं नुसतं वर्णन लिहून काढलं. दुसऱ्या गटानं मूळ ड्रायव्हरकडे न बघता, फक्त त्या वर्णनावरून नवा लिहिला. चोरीचा आळ येऊ नये म्हणून हे सोवळं! तो ड्रायव्हर जून २००६ मध्ये २.६.१७ कर्नलमध्ये आला. तरी फर्मवेअर वाटायची परवानगी नव्हतीच. ते ज्याचं त्यानं कंपनीच्या ड्रायव्हरमधून कापून काढायचं, आणि त्यासाठी 'बी४३-एफडब्ल्यूकटर' नावाची कात्री! ब्रॉडकॉमनं स्वतः खुला ड्रायव्हर दिला सप्टेंबर २०१० मध्ये, तोही नव्या चिपांपुरता.

सौदीत आणखी एक भानगड होते. लॅपटॉप अमेरिकेतून आणलेला असतो आणि देश म्हणून अमेरिकाच नोंदलेली असते. तिथे लिनक्स २.४ गिगाहर्ट्झचे अकराच चॅनेल वापरतं. इथे, आणि भारतातही, बारा-तेरा चालतात. शेजारच्या खोलीतला राउटर तेराव्यावर गेला की सगळ्यांना नेटवर्क दिसतं, यालाच नाही. 'आयडब्ल्यू रेग सेट एसए' लिहिलं की बरेचदा काम होतं. काही कार्डांत मात्र देश कारखान्यातच कोरलेला असतो, ती ऐकत नाहीत.

डेबियनवाल्यांनी बंद फर्मवेअर कित्येक वर्षं तत्त्व म्हणून इन्स्टॉलरच्या बाहेर ठेवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मतदान होऊन ते आत घ्यायचं ठरलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते सोबतच मिळतं. कडव्या मंडळींना हा पराभव वाटला. शुक्रवारी माझ्या दारात येणाऱ्यांना विचाराल तर उत्तर वेगळं मिळेल. जुनीच आवृत्ती असेल तर मोबाईल यूएसबीच्या वायरनं लॅपटॉपला जोडायचा, टेदरिंग चालू करायचं आणि त्या नेटवरून फर्मवेअर उतरवून घ्यायचं. वायर तेवढी डेटा जाणारी हवी, नुसती चार्जिंगची नको.