वणीचा कोळसा आणि शैवलांचे इंधन

आजचा यवतमाळ जिल्हा 1905 पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जात असे. या वणीच्या परिसराचा अंतर्भाव असलेल्या वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावर ह्यूझ यांचा ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 1877 मध्ये प्रसिद्ध केला. हा कोळसा म्हणजे पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी साठविलेला सूर्यप्रकाशच होय. खाणीवाचून आणि काही दिवसांतच वनस्पतींकडून हे कार्य करवून घेता येईल काय, हा प्रश्न विसाव्या शतकात सूक्ष्म शैवलांच्या अभ्यासातून पुढे आला.

त्याचा उगम मात्र इंधनाच्या शोधात नव्हता. जर्मनीहून अमेरिकेत गेलेले हान्स गाफ्रॉन प्रकाशसंश्लेषणाचा अभ्यास करीत होते. प्राणवायूविरहित अंधारात ठेवलेले सेनेडेस्मस हे शैवल प्रकाशात आणताच हायड्रोजन सोडते, असे त्यांनी व रुबिन यांनी 1942 मध्ये दाखविले. परंतु हा वायू घडविणारे हायड्रोजनेज हे एंझाइम प्राणवायूच्या संपर्काने निष्क्रिय होते, आणि प्रकाशात शैवल प्राणवायूच निर्माण करते. साऱ्या इतिहासाची गाठ येथेच आहे. पुढे 2000 मध्ये कॅलिफोर्नियात मेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी शैवलाचे गंधक तोडून प्राणवायूची निर्मिती मंदावली आणि काही दिवस हायड्रोजन मिळविला. पण उपाशी शैवल त्या काळात आपलाच साठा खात असते. या यशाला दीर्घकालीन उत्पादन म्हणता येत नाही.

दुसरा मार्ग तळ्यांचा. ऑस्वाल्ड व गोल्युके यांनी 1960 मध्ये सांडपाण्यावर शैवले वाढवून त्यांपासून मिथेन व वीज मिळविण्याची योजना मांडली. अशाच तळ्यांचा अभ्यास नागपूरला 1958 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे आजच्या 'नीरी'त, झाला. तेथे उद्देश जलशुद्धीचा होता. शैवलांचे काम जीवाणूंना प्राणवायू पुरविण्याचे. विदर्भाच्या परिस्थितीत हाच उद्देश अधिक व्यवहार्य होता, असे म्हणावे लागते.

शैवलांपासून तेल काढण्याचा अमेरिकन शासनाचा प्रकल्प 1978 ते 1996 चालला. न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथील तळ्यांत एखाद्या दिवशी चौरस मीटरमागे 50 ग्रॅमपर्यंत उत्पादन मिळाले, पण थंडीमुळे ते टिकले नाही. यवतमाळात तशी थंडी नाही. उन्हाळ्यात उघड्या तळ्यातील पाणीच झपाट्याने आटते. शिवाय मिलिमीटरच्या काही सहस्रांश आकाराच्या पेशी पाण्यातून वेगळ्या करण्यास ऊर्जा लागते ती निराळीच. वणीच्या खाणी अद्याप चालू आहेत.