फळांनी लदलेल्या मिरचीला आधार

काळी जमीन पावसाने भिजून मऊ पडली आणि त्यात वारा सुटला, की फळांनी लदलेले मिरचीचे झाड मुळासकट कलते. ढोबळी मिरचीची फांदी ठिसूळ असते. ती भाराने बेचक्यातच फाटते. म्हणून आधार फळे लागण्याआधी द्यावा.

इंझोरीसारख्या तूर-कपाशीच्या गावात त्यासाठी विकत काही आणावे लागत नाही. जाड, सरळ तुराटी पुरते. पऱ्हाटी मात्र परसबागेत आणू नका. तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी असू शकते.

तीन फुटांची तुराटी रोप लावतानाच खोडापासून चार बोटे अंतरावर, वीतभर खोल रोवावी. नंतर ठोकल्यास मुळे तुटतात. तुराटीला वाळवी लागते, त्यामुळे अधूनमधून हलवून पाहावी, ढिली झाली असेल तर बदलावी. ढोबळीला बांबूची कामटी जास्त बरी.

बांधायला सुतळी किंवा जुन्या सुती लुगड्याची चिंधी घ्या. तार नको, ती साल कापते. खोड आणि काठी यांमध्ये इंग्रजी आठच्या आकाराचा सैल वेढा देऊन गाठ काठीच्या बाजूला मारावी. पहिला बांध मुख्य बेचक्याच्या खाली. एखादी फांदी झुकू लागली तर तिला वेगळा बांध द्यावा.

युरिया जास्त झाला तर वाढ कोवळी राहते आणि आधारही कमी पडतो. उघडीप मिळताच बुंध्याला मातीची भर द्या. हिरव्या मिरचीचा तोडा लांबवू नका. मातीला टेकलेली फळे आधी काढा, ती लवकर सडतात.

झाड कललेच, तर माती ओली असतानाच हळूहळू उभे करून बुंध्याशी माती दाबावी. जमीन सुकल्यावर ओढल्यास मुळे तुटतात.