जुन्या व्हिडिओ खेळांचा संग्रह

जुन्या व्हिडिओ खेळांचा संग्रह म्हणजे उत्पादन थांबलेल्या घरगुती खेळयंत्रांसाठी (कन्सोल) निघालेले खेळ त्यांच्या मूळ माध्यमात, म्हणजे कॅसेट वा तबकडीच्या रूपात, जमवणे, चालू स्थितीत राखणे आणि निवडीने वाढवत नेणे. या छंदाला 'रेट्रो गेमिंग' असेही म्हणतात. यंत्र मिळवणे हा त्यातला तुलनेने सोपा भाग असतो. त्यावर कोणते खेळ घ्यावेत, हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे पुरतो. निन्टेंडो, सेगा व सोनी या तीन कंपन्यांच्या जुन्या यंत्रांसाठी मिळून हजारो खेळ निघाले असल्यामुळे 'सगळे जमवू' हा संकल्प बहुधा तडीस जात नाही आणि संग्रहाला काही सूत्र ठरवावे लागते.

शब्दांविषयी

महाराष्ट्रात १९९० च्या दशकात रूढ झालेली या विषयाची बोली अजूनही टिकून आहे. ज्याला निर्माते 'कार्ट्रिज' म्हणतात त्याला येथे सरसकट 'कॅसेट' म्हटले जाते. वस्तुतः तिच्यात फीत नसते, छापील मंडलावर बसवलेल्या स्मृतिचिपा असतात. गाण्याच्या कॅसेटप्रमाणे ती खाचेत सारायची असते, एवढ्या साम्यावरून हा शब्द आला असावा. हाती धरायच्या नियंत्रकाला 'रिमोट', यंत्राला 'व्हिडिओ गेम' आणि पैसे देऊन तासावर खेळण्याच्या दुकानाला 'पार्लर' म्हणत. जुन्या मालाच्या दुकानात चौकशी करताना याच शब्दांचा उपयोग होतो. 'फॅमिकॉम कार्ट्रिज आहे का' असे विचारल्यास दुकानदार नकारार्थी मान हलवण्याचाच संभव अधिक.

भारतातील पार्श्वभूमी

निन्टेंडोचे 'फॅमिकॉम' हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आले. त्याची पाश्चात्त्य आवृत्ती 'निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम' (एनईएस) ऑक्टोबर १९८५ मध्ये अमेरिकेत आली. दोन्ही मिळून सुमारे ६ कोटी १९ लाख यंत्रे विकली गेली. भारतात मात्र आयातीवरील निर्बंध व जबर शुल्क यांमुळे मूळ यंत्र फार थोड्या घरांत पोहोचले. मध्यमवर्गीय घरांत आली ती फॅमिकॉमशी सुसंगत अशी यंत्रे. 'समुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' ही त्यांतील परिचित नावे. यांपैकी बहुतेकांची खाच जपानी फॅमिकॉमप्रमाणे ६० पिनांची असते. एनईएसच्या कॅसेटला ७२ पिना असतात. भारतीय संग्राहकाने खेळ मागवताना सर्वांत आधी पाहावयाची बाब हीच, कारण मधले जोडसाधन नसेल तर एकाची कॅसेट दुसऱ्यात बसत नाही.

सेगाचे १६ बिटांचे 'मेगा ड्राइव्ह' १९८८ मध्ये जपानमध्ये निघाले. भारतात ते शॉ वॉलेस या कंपनीशी झालेल्या वितरण करारातून १९९५ मध्ये अधिकृतपणे आले. सुमारे ८० टक्के आयातशुल्क टाळणे हा त्या करारामागचा हेतू होता. तरीही यंत्राची किंमत १८,००० रुपये होती. त्या काळात शिक्षकाच्या कित्येक महिन्यांच्या पगारातही ती बसली नसती. मेगा ड्राइव्हच्या भारतीय कॅसेट आज फॅमिकॉमसारख्या विपुल का नाहीत, याचे उत्तर या आकड्यातच आहे. पुढे सोनीच्या प्लेस्टेशन २ (इ.स. २०००) या यंत्राने शहरांबरोबर लहान गावांतही बस्तान बसवले. जगभर त्याची १५ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. जुन्या बाजारात ते आजही सहज मिळते.

संग्रहाचे सूत्र

संग्राहक सामान्यतः एखादे यंत्र, एखादा निर्माता, एखादा खेळप्रकार अथवा एखादा प्रदेश असे सूत्र धरतात. किंमत हेच सूत्र मानणाराही एक वर्ग आहे. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४' ची न उघडलेली एक प्रत अमेरिकेतील लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. ही घटना वारंवार सांगितली जाते. तो खेळ मात्र दुर्मीळ नाही. दुर्मीळ होते ते वेष्टन. याउलट १९९० च्या 'निन्टेंडो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स' या स्पर्धेच्या कॅसेट खरोखरच थोड्या आहेत: राखाडी ९० व सोनेरी २६. सर्वसामान्य संग्राहकाला या दोन्ही गोष्टींशी काही कर्तव्य नसते. खेळण्यासाठी घेतलेली वेष्टनरहित कॅसेट सुस्थितीतील पेटीबंद प्रतीहून पुष्कळ स्वस्त पडते आणि पडद्यावर दोहोंत तिळमात्र फरक दिसत नाही.

भारतात स्मृतीचे सूत्र अधिक उपयोगी ठरते. येथील पिढीने जे खेळ खेळले ते पाश्चात्त्य 'सर्वोत्तम शंभर' यादीतले असतीलच असे नाही. नामकोचा 'बॅटल सिटी' (१९८५) फॅमिकॉमसाठी केवळ जपानमध्ये अधिकृतपणे निघाला. तरी विटांच्या भिंती फोडत गरुडाचे रक्षण करणारा तो रणगाडा भारतात घरोघरी माहीत होता, कारण तो बहुखेळी कॅसेटमधून आला. कोनामीचा 'रोड फायटर' व 'सर्कस चार्ली', हडसनचा 'ॲडव्हेंचर आयलंड' (१९८६), निन्टेंडोचे 'एक्साइटबाइक' व 'आइस क्लाइंबर' यांचेही तसेच. अमेरिकन मार्गदर्शिकांत यांना दुय्यम स्थान असते. भारतीय संग्रहात मात्र ते पहिल्या दहांत असावेत, हे म्हणणे सहज पटण्यासारखे आहे.

दोघांनी एकत्र खेळावयाचे खेळ आधी घ्यावेत, असाही एक संकेत अनुभवातून रूढ झाला आहे. 'कॉन्ट्रा' (१९८८) हे त्याचे ठळक उदाहरण. या खेळाच्या आवृत्त्यांतील भेद लक्षात घेण्याजोगे आहेत. जपानी फॅमिकॉम आवृत्तीत टप्प्यांच्या मधली चित्रे व नकाशा आहे, अमेरिकन आवृत्तीत ती गाळली आहेत. युरोपात हाच खेळ 'प्रोबोटेक्टर' या नावाने आला आणि त्यात सैनिकांच्या जागी यंत्रमानव घातले गेले. तीस प्राण मिळवून देणारा बटणांचा प्रसिद्ध क्रम मूळचा या खेळाचा नव्हे. तो १९८६ मध्ये 'ग्रेडियस' च्या फॅमिकॉम आवृत्तीत प्रथम आला.

काही खेळ यंत्राखेरीज अन्य साधनाशीही बांधलेले असतात. 'डक हंट' (१९८४) या बदकांच्या शिकारीच्या खेळात चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो व बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतील प्रकाशसंवेदक तो चौकोन टिपतो. ही क्रिया जुन्या काचनळीच्या दूरचित्रवाणी संचाच्या गतीवर आधारलेली असल्यामुळे सपाट पडद्याच्या नव्या संचावर बंदूक निकामी ठरते. तेव्हा हा खेळ घेण्यापूर्वी भंगारात निघालेला एखादा जुना संच मिळवणे क्रमप्राप्त आहे.

बहुखेळी कॅसेट

'९९९९ इन १' असे लिहिलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात थोडेच खेळ असतात. तोच खेळ निराळ्या टप्प्यापासून सुरू करून, प्राणांची संख्या बदलून अथवा निव्वळ नवे नाव देऊन यादी लांबवलेली असते. हे शक्य झाले ते त्या खेळांच्या लहान आकारामुळे. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये मावतो, म्हणजे आजच्या भ्रमणध्वनीवरील एका साध्या छायाचित्राहून कितीतरी लहान. या कॅसेट स्वामित्वहक्काचा भंग करून बनलेल्या होत्या, यात शंका नाही. मात्र भारतातील एका पिढीचा व्हिडिओ खेळांशी परिचय प्रामुख्याने याच मार्गाने झाला, आणि त्या कोणी बनवल्या, कोणत्या गावात कोणती यादी चालत होती, याची नोंद कोणत्याही कंपनीच्या दप्तरी नाही. म्हणून काही संग्राहक वेष्टनावरील चित्रासह त्या जपून ठेवतात आणि खेळसूचीची छायाचित्रे घेतात. विदेशी पेटीबंद प्रतीच्या मागे लागण्यापेक्षा हे काम मोलाचे मानावे लागेल, कारण पेटीबंद प्रती जपणारे जगात पुष्कळ आहेत.

क्रिकेटचे खेळ

भारतीय संग्रहासाठी क्रिकेट हे स्वतंत्र सूत्र होऊ शकते. जपान व अमेरिका या दोन मुख्य निर्मात्या देशांत क्रिकेट लोकप्रिय नसल्यामुळे असे खेळ थोडे निघाले व त्यामुळे संग्रह आटोक्यात राहतो. एनईएसवरील 'इंटरनॅशनल क्रिकेट' (१९९२) मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरने बनवला आणि तो फक्त ऑस्ट्रेलियात विकला गेला. अर्थात तो ७२ पिनांचा आहे. मेगा ड्राइव्हवर 'ब्रायन लारा क्रिकेट' (१९९५) आहे. ऑस्ट्रेलियात तोच शेन वॉर्नच्या नावाने निघाला. प्लेस्टेशन २ व संगणकावरील ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' (२००६) भारतात इतका खेळला गेला की उत्साही मंडळी आजही त्याच्या संगणकीय आवृत्तीत नवे संघ व गणवेश घालतात.

भारतीय बनावटीचे खेळ

प्लेस्टेशन २ च्या उत्तरकाळात सोनीने भारतीय कंपन्यांकडून काही खेळ करून घेतले. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने 'हनुमान: बॉय वॉरियर' बनवला. देवतेला खेळाडूच्या बोटांवर नाचवण्यास तेव्हा काही हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला होता. त्याच वर्षी आलेल्या 'देसी अड्डा: गेम्स ऑफ इंडिया' मध्ये कबड्डी, विटीदांडू, पतंगबाजी असे देशी खेळ होते. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' (२०१०) गल्लीतील क्रिकेटवर बेतलेला होता. पुढे चित्रपटांवर आधारित 'रा.वन' (२०११) व 'डॉन २' (२०१३) आले. कारागिरीच्या दृष्टीने यांतील बहुतेक सामान्य आहेत. तथापि ते मुख्यतः एकाच देशासाठी निघाले, स्वस्तात विकले गेले आणि कोणी जपून ठेवावे असे तेव्हा कोणाला वाटले नाही. असे खेळ नाहीसे होण्याचा धोका सर्वाधिक असतो. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत. भारतात ज्याला काही वेगळे करावयाचे आहे त्याने या पाच-सहा तबकड्यांपासून आरंभ करावा.

खरेदी व पारख

मुंबईत लॅमिंग्टन रस्ता व मनीष मार्केट, पुण्यात पासोड्या विठोबा परिसर आणि नागपुरात सीताबर्डी येथील विद्युत उपकरणांच्या बाजारांत जुनी यंत्रे व सुटे भाग शोधले जातात. अस्सल कॅसेट ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ती उघडून पाहणे. अस्सल मंडलावर निर्मात्याचे नाव व चिपांवर क्रमांक छापलेले असतात. नकली कॅसेटमध्ये बहुधा काळ्या राळेचा एक थेंब चिपेवर टाकलेला आढळतो. जेथे खेळ साठवून ठेवण्याची सोय आहे, तेथे आत बटणाच्या आकाराची बॅटरी असते. पंचवीस-तीस वर्षांनी ती संपते व साठवलेला खेळ पुसला जातो. डाखणी करणारा कोणी ओळखीचा असल्यास ती बदलता येते.

दूरचित्रवाणीची प्रणालीही पाहावी लागते. भारतात पाल प्रणाली आहे. तिच्यात सेकंदाला ५० चित्रे उमटतात, जपान-अमेरिकेत ६०. साठासाठी रचलेला खेळ काही बदल न करता पाल यंत्रावर चालवल्यास तो सुमारे १७ टक्के मंद होतो, संगीतही रेंगाळते. भारतात अधिकृतपणे विकलेल्या प्लेस्टेशन २ साठी पाल तबकड्याच घ्याव्यात.

अडॅप्टरच्या बाबतीत निष्काळजीपणा महागात पडतो. जपानी फॅमिकॉमचा अडॅप्टर १०० व्होल्टसाठी असून आपल्या २३० व्होल्टवर तो जळतो. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या आवृत्तीच्या पिनेचा मध्य ऋण असतो, दुसरीचा धन. नीट न पाहता अदलाबदल केल्यास यंत्र कायमचे जाण्याची भीती असते.

दमट प्रदेशातील जतन

अहेरी, आलापल्ली, सिरोंचा, भामरागड या गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात पावसाळा जोरदार असतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. शिवाय या भागात रेल्वे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारशाह हे जवळचे मोठे स्थानक. अशा ठिकाणी बिघडलेले यंत्र दुरुस्तीस नेणे हेच एक काम होऊन बसते, म्हणून बिघाड टाळण्यावर भर द्यावा लागतो. दमट हवेत कॅसेटच्या पिनांवर हिरवट थर धरतो व तबकड्यांवर बुरशी येते. कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारण्याची सवय सर्वदूर आहे. फुंकरीतील ओलाव्याने पिना अधिकच गंजतात. निन्टेंडोनेही असे करू नये म्हणून सांगितले होते. फुंकल्यावर खेळ सुरू होतो तो बहुधा कॅसेट पुन्हा नीट बसल्यामुळे. पिना पुसण्यासाठी ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोल व कापसाची काडी वापरतात. साठवण घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह करावी. पुड्या ओल्या झाल्या की वाळवून पुन्हा वापरता येतात. दाब वारंवार कमीजास्त होत असल्यास यंत्रापूर्वी स्टॅबिलायझर लावणे आणि विजांच्या वेळी तार काढून ठेवणे इष्ट.

कायदेशीर बाजू

भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ अन्वये संगणकीय आज्ञावलीचा समावेश 'साहित्यकृती' मध्ये होतो, म्हणून खेळालाही त्याचे संरक्षण मिळते. कायदेशीररीत्या घेतलेल्या प्रतीची, ती हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून, राखीव प्रत करण्यास कलम ५२ मध्ये मुभा आहे. आज्ञावलीची अवैध प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा कलम ६३-ब खाली गुन्हा असून त्यास किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कारावास व ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसल्यास न्यायालय कारावास न देता केवळ दंड करू शकते. परदेशातून खेळ मागवताना सीमाशुल्क व वस्तू-सेवा कर भरावा लागतो. व्हिडिओ खेळयंत्रांवरील वस्तू-सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला.