निळ्या पुवाची गोष्ट

भाजलेल्या माणसाच्या पट्ट्या कधी कधी निळसर-हिरव्या होतात आणि त्यांना एक गोडसर, नकोसा वास येतो, हे जुन्या शल्यचिकित्सकांना ठाऊक होते. हा रंग कशाचा, याचा उलगडा १८८२ साली कार्ल गेसार या फ्रेंच लष्करी औषधनिर्मात्याने केला. त्याने त्या पट्ट्यांतून वेगळा काढलेला जीवाणू आज स्यूडोमोनास एरुजिनोसा या नावाने ओळखला जातो. नावातला दुसरा शब्द लॅटिनमधला, तांब्याच्या गंजावरून आलेला. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, तेव्हा जी हिरवट झाक दिसते, तीच ही. इंग्लंडातले डॉक्टर मात्र पुष्कळ काळ त्याला ‘पायोसायनिया’, म्हणजे निळ्या पुवाचा, असेच म्हणत असत.

प्रतिजैविकांचा इतिहास बहुधा औषधांच्या बाजूने सांगितला जातो. फ्लेमिंगची बशी, बुरशी, युद्ध आणि विजय, हा त्याचा ठरलेला क्रम. आम्हांला तो इतिहास एका जळीत कक्षाच्या बाजूने पाहावासा वाटतो, कारण तेथून पाहिल्यास विजयाचा भाग फारच थोडा उरतो.

त्वचा गेली की शरीराची तटबंदी गेली. मागे राहतो तो मृत, ओलसर थर. त्यात रक्तपुरवठा नसतो; म्हणून शिरेतून दिलेले औषध तेथे पुरेसे पोहोचत नाही आणि पांढऱ्या पेशीही पोहोचत नाहीत. रुग्ण आठवडेच्या आठवडे कक्षात असतो, त्याला एकामागून एक औषधे दिली जातात आणि शेजारच्या खाटेवर तशीच उघडी जखम असते. स्यूडोमोनासला याहून अनुकूल जागा नाही. हा जीवाणू नळाच्या तोंडाशी, मोरीत, ओल्या फडक्यात राहतो. त्याचे बाह्य आवरण बहुतेक औषधांना आत येऊ देत नाही, आणि जे आत येते त्यातले बरेचसे तो परत बाहेर फेकतो.

बर्मिंगहॅमच्या अपघात रुग्णालयात (स्थापना १९४१) ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४३ साली आपला जळीत विभाग आणला. तो उभा करणारे लेनर्ड कोलब्रुक हे फ्लेमिंगचे जुने सहकारी. बाळंतरोगावर सल्फा औषध चालते हे त्यांनी १९३६ साली लंडनमध्ये दाखवून दिले होते. औषधांचा एवढा मोठा जय स्वतः पाहिलेला हा माणूस जळीत कक्षात आला आणि त्याने पहिले लक्ष दिले ते हवेकडे. पट्टी सोडताना उडणाऱ्या धुळीतून व कोंड्यातून जंतू पसरतात, म्हणून ड्रेसिंगच्या खोलीत गाळलेली हवा दाबाने सोडावी, ही त्यांची व्यवस्था. पेनिसिलिनच्या मलमाने स्ट्रेप्टोकोकसला पुष्कळ आळा बसला. निळा पू मात्र हटला नाही, कारण पेनिसिलिनचे त्याला काहीच वाटत नव्हते.

१९४९ पासून तेथील जीवाणूशास्त्राची धुरा एडवर्ड लोबरी यांच्याकडे आली. हे गृहस्थ कवी होते. ऑक्सफर्डमध्ये असताना त्यांना काव्याचे न्यूडिगेट पारितोषिक मिळाले होते, आणि पुढे थॉमस कॅम्पियन या वैद्य-कवीवर त्यांनी दोघांच्या सहकार्याने ग्रंथही लिहिला. १९५१ साली त्यांनी दाखवले की, जखमा धुण्यासाठी वापरले जाणारे सेट्रिमाइडचे द्रावणच निळ्या पुवाच्या जंतूंनी दूषित झालेले असू शकते. ज्याने जंतू मारायचे, त्यातच जंतू! त्याच वर्षी लोबरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिमिक्सिनच्या मलमाची तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली. मलम उपयोगी ठरले. पण शिरेतून दिल्यास हे औषध मूत्रपिंडाला घातक, म्हणून त्याची मजल बहुतांशी त्वचेपुरतीच राहिली.

मग १९६७ साली कार्बेनिसिलिन आले. पेनिसिलिनच्या कुळातले, म्हणजे शरीराला फारसे न जाचणारे, आणि तरीही स्यूडोमोनासवर चालणारे हे पहिले औषध. ते ग्रॅमच्या मापाने द्यावे लागे, पण चालत असे. १९६९ साली लोबरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की त्यांच्या कक्षात या औषधाला अतिशय प्रतिरोधी जीवाणू दिसू लागले आहेत. मध्ये उणीपुरी दोन वर्षे गेली होती.

एखाद्या जीवाणूत बदल घडून त्याचीच संतती फोफावली असती, तर सगळे प्रतिरोधी नमुने एकाच वाणाचे निघाले असते. येथे मात्र निरनिराळ्या वाणांनी तोच गुण एकदम उचललेला दिसत होता. सगळ्यांत औषध फोडणारे एकच विकर होते, आणि त्याच्या जोडीने कानामायसिन व टेट्रासायक्लिन यांनाही दाद न देण्याची शक्ती होती. गुण वंशातून उतरत नव्हता, हातोहात दिला जात होता. १९७० साली साइक्स व रिचमंड यांनी तो स्यूडोमोनासमधून आतड्यातल्या ई. कोलायमध्ये जातो हे दाखवले. १९७१ साली नेओमी दत्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी या देवघेवीचे वाहन, म्हणजे आरपी४ नावाचे प्लास्मिड, तपशिलाने वर्णिले. (आडनावावरून वाटते तशा या बाई भारतीय नव्हत्या, आडनाव लग्नाने आले होते.) सुमारे साठ हजार अक्षरांचे एक वलय, आणि त्यात तीन औषधांवरचे उत्तर, शिवाय ते उत्तर शेजाऱ्याला पोहोचवण्याची यंत्रणाही.

यापुढचा भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तोच सहसा सांगितला जात नाही. लोबरींच्या कक्षाने आणखी भारी औषधाची वाट पाहिली नाही. कार्बेनिसिलिनचा वापर थांबवला गेला. हे प्लास्मिड केवळ निळ्या पुवात नसून रुग्णांच्या आतड्यांतल्या इतर जीवाणूंतही साठून आहे, हे ध्यानात घेऊन त्या साऱ्यांवर पाळत ठेवली गेली. १९७२ साली त्यांनी कळवले की, हा गुण वाहणारे जीवाणू रुग्णालयातून नाहीसे झाले आहेत. असे प्रत्येक ठिकाणी घडत नाही. पुष्कळदा औषध थांबवले तरी प्रतिरोध ठाण मांडून बसतो. पण एकदा तरी घडले, आणि ते करणाऱ्यांनी हाती असलेले सर्वोत्तम औषध, समोर भाजलेली माणसे असताना, कपाटात ठेवले. हा निर्णय किती जड असेल याची कल्पना वैद्यकाबाहेरच्या आम्हा मंडळींना करता येईल असे वाटत नाही.

कक्षातून गेलेले प्लास्मिड प्रयोगशाळेत मात्र चिरंजीव झाले. त्यातला प्रतिरोधाचा तुकडा एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारतो हे पाहून हेजेस व जेकब यांनी १९७४ साली ‘ट्रान्सपोझॉन’ हा शब्द घडवला. आज जगभर, आपल्याकडेही, एका जीवाणूतून दुसऱ्यात जनुके नेताना त्याच प्लास्मिडची वाहतूक-यंत्रणा बसवलेले वाण वापरतात. वापरणाऱ्यांपैकी कितीजणांना बर्मिंगहॅमच्या त्या खाटा ठाऊक असतील, कोण जाणे.

पॉलिमिक्सिनचेही पुनरागमन झाले. नवी औषधे हरत गेली तेव्हा त्याच्याच घराण्यातले कोलिस्टिन, मूत्रपिंडाची जोखीम पत्करून, शेवटचा उपाय म्हणून परत आणले गेले. २०१५ साली चीनमधून त्यालाही दाद न देणारे, प्लास्मिडवरून फिरणारे जनुक कळवण्यात आले; २०१९ साली भारताने खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांना कोलिस्टिन देण्यास बंदी घातली. जीवाणूभक्षी विषाणूंचा प्रयोगही भाजलेल्यांवरच झाला. फ्रान्स व बेल्जियममधील ती चाचणी २७ रुग्णांवर आटोपली, द्रावणातले विषाणू साठवणुकीत घटत गेले होते, आणि नेहमीचे चांदीयुक्त मलमच अधिक वेगाने चालले, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे हा विषय निघाला की स्टोव्हचा भडका आठवल्याशिवाय राहत नाही. मराठी वृत्तपत्रांच्या आतल्या पानावरची ती दोन शब्दांची बातमी एका पिढीने रोज वाचली, आणि त्या शब्दांआड काय असू शकते हेही त्या पिढीला ठाऊक होते. २००१ साली भारतात आगीने सुमारे १ लाख ६३ हजार मृत्यू झाले असावेत आणि त्यांत १ लाख ६ हजार स्त्रिया असाव्यात, असा अंदाज २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी यांनी १९८०च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या मुलांच्या जखमांवर वापरून पाहिली, ती महागडी आच्छादने परवडत नाहीत म्हणून. साल जंतू मारीत नाही. ती जखम ओली ठेवते, झाकते आणि काढताना दुखवत नाही.

कोलब्रुक १९४८ साली निवृत्त झाले. कक्षात येणाऱ्यांत लहान मुले पुष्कळ, आणि घरातल्या उघड्या शेगडीवर अंगातला झगा पेटणे हे नेहमीचे कारण, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. जंतुशास्त्रात हयात घालवलेला हा माणूस मग जाळीच्या मागे लागला. व्याख्याने दिली, लेख लिहिले, संसदेतल्या सभासदांच्या भेटी घेतल्या. १९५२ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला, आणि गॅसच्या, विजेच्या व तेलाच्या शेगड्या संरक्षक जाळीवाचून विकता येणार नाहीत असे ठरले.